झोपते ती

पेला पडला तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. स्टीलचा पेला फरशीवर पडला की एकदाच वाजून गप्प बसत नाही. तो गरगरत जातो, आणि कॉटच्या पायाला अडून थांबेपर्यंत बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं अख्खं जुनं घर जागं करतो. मी शेजारी खुर्चीतच होते. डोळे उघडे होते, असं मी देवाशपथ सांगितलं असतं. पण अण्णा अर्धवट उठून बसले होते, त्यांचा हात स्टुलावर चाचपत होता, बनियन छातीवर चिंब भिजलं होतं, आणि यातलं काहीही होताना मी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना पुसलं, बनियन बदललं, पाणी पाजलं, पाठीमागे उशी लावली. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. सकाळी नऊला, दर रविवारी येतो तसा, पुण्याहून दादाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत अण्णा त्याला सांगत होते, "झोपते ती. रात्री झोप लागते तिला."

एवढंच ऐकलं मी. पुढचं ऐकायला थांबले नाही. नळ मोठा सोडला आणि रात्रीची भांडी घासायला घेतली.

ते वाक्य पुढे किती दिवस माझ्या अंगात कुसळासारखं रुतून बसलं होतं, हे आज सांगतानाही मला जड जातं. अण्णा शहाऐंशीचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्याला सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला, तेव्हापासून ते कॉटवर आहेत. घरात आम्ही दोघंच. दिवसा आठ ते पाच एक बेन मदतीला येतात, त्या फार मायेच्या आहेत. पण रात्र माझी. रात्री तीन-चार वेळा पाणी, दोन वेळा भांडं, एकदा पाय दुखतात म्हणून तेल, आणि अधूनमधून नुसतंच "आहेस ना गं?" एवढं सगळं करून माझ्या खात्यावर काय जमा, तर 'झोपते ती'. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्याशी असं वागले याची लाज वाटत होती, आणि वागणं काही सुटत नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मोबाईलवर एक बातमी पाठवली. वर लिहिलं होतं, 'बाई, तुमचे पेंग्विन.' मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि पक्ष्यांचा धडा आला की पेंग्विनपाशी जरा जास्तच रेंगाळायची, हे मुलींच्या लक्षात राहिलेलं दिसतं. बातमी जुनीच होती, 2023 च्या संशोधनाची. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर चिनस्ट्रॅप पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. हनुवटीखालून एक बारीक काळी रेघ जाते, शिरस्त्राणाचा पट्टा बांधावा तशी, म्हणून हे नाव. अंडी उबवायच्या दिवसांत नर-मादीपैकी एक जण समुद्रात खाणं शोधायला जातो आणि दुसरा दगडांच्या घरट्यावर एकटा उरतो. वर स्कुआ पक्षी घिरट्या घालत असतात, अंडं उघडं पडायचा अवकाश की पळवायला टपलेले. शेजारचे पेंग्विन घरट्यातले खडे चोरतात. मग हा झोपतो कधी? शास्त्रज्ञांनी काही पक्ष्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या, तेव्हा कळलं की तो चार-चार सेकंद झोपतो. मान किंचित झुकते, डोळा मिटतो, उघडतो. दिवसाकाठी अशा दहा हजारांहून जास्त डुलक्या. कधी मेंदूचा एकच अर्धा भाग झोपतो, कधी दोन्ही. मी शिक्षकी सवयीने लगेच गुणाकार केला: चाळीस हजार सेकंद, म्हणजे अकरा तासांहून थोडं जास्तच. दिवसाचे अकरा तास तो झोपतो, आणि कुणी विचारलं तर त्याला वाटत असेल, आपण तर डोळ्याला डोळा लावला नाही.

रात्री अडीचला, कॉटशेजारच्या खुर्चीत, मोबाईलचा उजेड पदराआड धरून मी हे वाचलं आणि मला रडू आलं. अण्णांना दिसत नाही, तरी उजेड झाकायची सवय गेलेली नाही.

त्या संशोधनातली आणखी एक गोष्ट मला त्याहून जास्त लागली. वसाहतीच्या मधोमध घरटं असलेले पेंग्विन सुरक्षित, कारण स्कुआ कडेच्या घरट्यांवर झडप घालतो, तेव्हा कडेच्यांची झोप जास्त मोडत असेल, असं आपण धरून चालू. निघालं उलटंच. कडेला राहणाऱ्यांची झोप जास्त सलग आणि गाढ होती. मधल्यांची झोप शेजारीच मोडत होते: आरडाओरडा, ढकलाढकली, चोचा मारणं. माणसांत राहून मी हे कित्येक वर्षं अनुभवते आहे, पण असं मोजून कुणी दाखवलं नव्हतं. आमचं घर भर वस्तीत. गणपतीत मांडवाचा आवाज, नवरात्रात पहाटेपर्यंत गरबा, लग्नसराईत वरातीमागून वरात. ते सोसवतं. पण संध्याकाळी भेटायला येणारे आप्त अण्णांच्या उशाशी बसून मला विचारतात, "अजून फिजिओ लावला नाहीस? आमच्याकडे तर मामांना तीन महिन्यांत चालतं केलं." कुणी म्हणतं, "किती बारीक झालेत गं!" ते गेले की रात्रभर ती वाक्यं डोक्यात चोचा मारत राहतात. एकांताची भीती सगळे घालतात, मला मात्र कडेचं घरटं मिळालं असतं तर बरं, असंच वाटत आलंय. आणि तरी, ही माणसं यायची थांबली तर अण्णांच्या चेहऱ्यावरचा सहापासून आठपर्यंतचा तो उजेडही जाईल, हे मला माहीत आहे. ते आले की अण्णा आवाजावरून प्रत्येकाला ओळखतात आणि तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी विचारतात.

मला आता वाटतं, शाळेत मी पेंग्विनवर अन्याय केला. फळ्यावर बर्फाचा डोंगर काढायचा, त्यावर काळा-पांढरा पेंग्विन, खाली 'शीत प्रदेशातील न उडणारा पक्षी'. संपलं. 2018 च्या डिसेंबरात आम्ही मुलींची सहल मुंबईला नेली होती. राणीच्या बागेत काचेपलीकडे हम्बोल्ट पेंग्विन पोहत होते, आणि एका मुलीने विचारलं, "बाई, इथे बर्फ का नाही?" मी सांगितलं, मुंबईत एवढा बर्फ कुठून आणणार. चुकीचं सांगितलं. ते पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे किनाऱ्याला लागूनच वाळवंट आहे, बर्फाचा मागमूस नाही. थंड असतो तो समुद्राचा प्रवाह, आणि ते त्यातल्या मासळीवर जगतात. जमिनीवर उन्हापासून वाचायला ते खडकांच्या कपारीत किंवा पक्ष्यांच्या विष्ठेच्या वर्षानुवर्षं साठलेल्या थरात बीळ खणून अंडी घालतात. माणसाने खतासाठी तो थर खरवडून नेला आणि त्यांची घरंच गेली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या पेंग्विनांचंही तेच झालं, आणि ते तर आता नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहेत. पेंग्विनांच्या अठरा जाती मानतात, त्यातल्या फार थोड्या खऱ्याखुऱ्या बर्फावर राहतात. गॅलापागोसचा पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर. दुपारी उन्हात उभा असताना तो दोन्ही पंख अंगापासून लांब धरतो, जरा वाकतो, आणि त्या पंखांची सावली स्वतःच्या पायांवर पाडतो, कारण पायांवर पिसं नाहीत, ते भाजतात. चोच उघडी टाकून धापा टाकतो. मे महिन्यात बडोद्यात पारा त्रेचाळीसवर जातो. त्या दिवसांत एकदा भर दुपारी वीज गेली, तेव्हा मी अण्णांच्या पायांवर ओला पंचा धरून उभी होते. पंचा सुकला की पुन्हा भिजवायचा. तासाभराने खांदे भरून आले, तरी हात खाली घेववत नव्हते. तेव्हा मला ही गोष्ट माहीत नव्हती. नंतर वाचली, आणि ती मुलगी आठवली. कुठे असेल कोण जाणे, पण तिला बोलावून सांगावंसं वाटतं, की अगं, तुझा प्रश्न बरोबर होता.

सम्राट पेंग्विनाबद्दल मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात मादी एकच अंडं घालते, नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे निघून जाते. तो दोन महिन्यांहून अधिक काळ ते पायांवर धरून, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून उभा. आधीचे दिवस धरले तर एकूण जवळजवळ चार महिने उपाशी. उणे चाळीस अंशांत हे नर एकमेकांना चिकटून घोळका करतात, आणि तो घोळका स्थिर नसतो. अर्ध्या-एक मिनिटाने एक जण पाच-दहा सेंटिमीटरचं पाऊल टाकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि लाट गेल्यासारखा सगळा घोळका सरकतो. अंडं पायांवर असल्यामुळे पाऊल मोठं टाकताच येत नाही. लहानपणी अण्णा मला त्यांच्या पायांवर उभं करून माजघरभर चालवायचे. माझे तळवे त्यांच्या पावलांवर, माझे दोन्ही हात त्यांच्या हातात. मोठ्या माणसाच्या पायांच्या वरच्या शिरा अनवाणी तळव्याला लागतात, ते मला अजून आठवतं. खुबा मोडल्यानंतर वॉकर धरण्याआधीचे काही दिवस मी त्यांना तसंच चालवलं. दोन्ही हात धरून मी उलटी, ते सुलटे. "एक. थांबा. आता दुसरा." कॉटपासून खिडकी नऊ फूट, त्याला आम्हाला सहा मिनिटं लागायची.

पण या कथेतला एक भाग फार कुणी सांगत नाही. मादी वेळेत परतली नाही तर काय होतं? पिल्लू बाहेर आलं असेल तर नर स्वतःच्या अन्ननलिकेतून दह्यासारखा एक स्राव काढून त्याला भरवतो. चार महिन्यांच्या उपाशी शरीरातून. त्यावर पिल्लू थोडे दिवस तगतं. तरीही ती आली नाही, आणि त्याच्या अंगातली चरबी संपून शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागलं, की एका ठरावीक पातळीला त्याच्या आतच काहीतरी फिरतं. तो पिल्लू किंवा अंडं तिथेच ठेवतो आणि समुद्राकडे चालू लागतो. इतके दिवस उभा असलेला बाप. त्याला कुणी निर्दय म्हणत नाही. शास्त्रज्ञ शांतपणे लिहितात, की तो जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडं होईल.

मी हे दोनदा वाचलं, कारण गेल्या वैशाखातल्या एका रात्री मी चपला घालून जिन्यात उभी होते.

अण्णांना त्या रात्री जुलाब होत होते. पाचव्यांदा चादर बदलली, ती बादलीत टाकली, हात धुतले, आणि पाय आपोआप दाराकडे वळले. पर्स नाही, किल्ली नाही, अंगावर गाऊन. सहा पायऱ्या उतरले. खाली रस्त्यावर कुत्रं झोपलेलं, सूरसागर तळ्याच्या बाजूने वाऱ्याची एक झुळूक आली, तिच्यात पाण्याचा ओलसर वास होता. कुठे जायचं होतं मला? कुठेच नाही. नुसतं जायचं होतं. किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मग वरून हाक आली, "आहेस ना गं?" मी चपला हातात घेतल्या आणि वर गेले. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, दादालाही नाही. हाक आली नसती तर मी सातवी पायरी उतरले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर द्यायला घाबरते. सम्राट पेंग्विनाच्या त्या पातळीबद्दल वाचल्यावर पहिल्यांदाच वाटलं, की तो पाय वळणं माझ्या मनाचा दुष्टपणा नसेल. शरीराचीच काही हद्द असेल.

आणि कधी कधी सगळ्यांनी सगळं नीट करूनही भागत नाही. 2022 च्या अखेरीस अंटार्क्टिकाच्या बेलिंगशाउझेन समुद्रात पाचपैकी चार वसाहतींमधली पिल्लं हातची गेली. पिल्लांना पाणी अडवणारी पिसं यायच्या आतच पायाखालचा समुद्रबर्फ फुटला. बाप उभे राहिले होते, आया परत आल्या होत्या.

मादी परत येते तेव्हा तिला नर सापडतो कसा, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. सम्राट पेंग्विनाला घरटं नाही, म्हणजे पत्ता नाही. हजारो सारखे दिसणारे पक्षी, वर ध्रुवीय काळोख. ती हाक मारते आणि तो ओळखतो. त्यांच्या स्वरयंत्राला दोन शाखा असतात आणि दोन्हींतून एकाच वेळी दोन वेगळे सूर निघतात. त्या दोन सुरांच्या मिसळीतून प्रत्येकाची ओळख ठरते. अण्णांनी सात वर्षांत माझा चेहरा पाहिलेला नाही. माझे केस पांढरे झालेत हे त्यांना कुणीतरी सांगितलं असेल तेवढंच. पण मी सर्दीने घोगरी झाले तर माझ्याआधी त्यांना कळतं. मी जिना चढताना कितव्या पायरीवर दमते, हेही त्यांना माहीत आहे. मग त्या वैशाखातल्या रात्री त्यांनी काय काय ऐकलं असेल? चपलांचा आवाज, दाराची कडी, सहा पायऱ्या?

ज्येष्ठात दादा आठ दिवसांसाठी आला. पुण्याची गाडी पहाटे पोचते, साडेपाचला रिक्षा दाराशी थांबली. दादा सत्तरीला टेकलाय, त्याचेही गुडघे धरतात, तो रेलिंगला हात लावून एकेक पायरी चढत होता आणि मी वर दारात उभी होते. येताना त्याने बाकरवडी आणली होती. बडोद्यात बाकरवडीला तोटा नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात ताजी मिळते, आणि तरी तो गेली तीस वर्षं दर खेपेला पुण्याहून पुडा आणतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. मदत नाही, पैसे नाहीत असं नाही, पण माझ्या जागी चार रात्री तरी ये, पुडा कसला आणतोस! यावेळी मला जेंटू पेंग्विन आठवले. पाळी बदलायला समुद्राहून परतलेला पक्षी घरट्यापाशी येतो तेव्हा कित्येकदा चोचीत एक खडा घेऊन येतो. घरट्यात आधीच शेकडो खडे असतात. तो खडा समोर ठेवतो, दोघं माना लववतात, आवाज करतात, आणि मग बसलेला उठतो. मी पुडा घेतला, डब्यात ओतला आणि अण्णांच्या हातात एक दिली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि म्हणाले, "आला वाटतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो. मी काही बोलणार नव्हते, पण तोंडातून निघून गेलं, की तुला सांगत होते ना अण्णा, मी रात्री झोपते म्हणून. दादा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "हो, सांगितलं की. किती खूश होते! म्हणाले, झोपते ती, रात्री झोप लागते तिला. आता मी हाक मारत नाही, पाणी माझं मी घेतो."

मी आत गेले. अण्णा जागेच होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि विचारलं, "अण्णा, मी झोपले हे तुम्हाला कसं कळतं?"

"श्वास बदलतो तुझा."

"लगेच कळतं?"

"लगेच. मग मी मोजतो. दुसरं काम काय आहे मला? बहुतेक वेळा पाच-सहा आकड्यांत जागी होतेस. त्या रात्री साठाच्या पुढे गेलीस. म्हटलं, आता हिला उठवायचं नाही. तहान तर तहान." थोडं थांबून म्हणाले, "पेला जरा लांब होता."

त्या रात्री दादा खुर्चीत बसला आणि मला त्याने आतल्या खोलीत पाठवलं. कित्येक महिन्यांनी मी पलंगावर पाठ टेकली. पंखा फिरत होता, खाली कुणाची तरी स्कूटर बंद पडत पडत गेली. पेला मी स्टुलाच्या कडेपासून आत, अण्णांचा हात पडतो तिथेच ठेवला होता, त्याखाली फडकं घातलं होतं. झोप येत नव्हती. साडेबाराच्या सुमारास बाहेरून दादाचा श्वास बदललेला ऐकू आला, जड, संथ. मी मोजायला लागले. अकरा, बारा, तेरा. कॉटवरून काहीच आवाज येत नव्हता. अण्णाही मोजत होते.